इंदूकाकीच्या घरचा मुक्काम

इंदूकाकीने मला पहिल्यांदा नाव विचारलं नाही, गावही विचारलं नाही. मी अंगणात बूट काढत होतो. तिने माझी बॅग उचलून ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "झोप कशी हाय तुमची?"

मला वाटलं, गादीचं विचारत असेल. म्हटलं, "चांगली हाय की. पडलो की लागती."

"गाढ?"

"व्हय, गाढच."

तिने बॅग ओट्यावर जरा आत सरकवली. मग म्हणाली, "हाक मारल्यावर उठता, का हलवाय लागतं?"

पाहुण्याला विचारायचा हा प्रश्न नव्हे. पण तिने तो इतक्या साध्या आवाजात विचारला, की मीही खरं ते सांगितलं. म्हटलं, घरी बायको हलवून उठवते. तिने मान हलवली आणि मला दाराजवळची खोली दिली. जड झोपेचा माणूस दाराजवळ, हा तिचा नियम होता, हे मला पुढे कळलं.

मी पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतो. मूळचा जतचा, बिऱ्हाड सांगलीत. पाटणच्या वरच्या पठारावर आमच्या कंपनीच्या पवनचक्क्या आहेत, आणि महिन्यातले सात-आठ दिवस मला तिकडे जावं लागतं. सुरुवातीला मी खाली गावातल्या लॉजवर राहायचो. तिथल्या खोलीची खिडकी दुसऱ्या इमारतीच्या भिंतीत उघडायची. टीव्ही होता, साबणाची वडी होती, आणि चार दिवस राहून निघालो तरी काउंटरवरचा माणूस तोंड वर करून बघायचा नाही. एकदा मला ताप आला. दीड दिवस मी खोलीत पडून होतो आणि कोणी दार वाजवलं नाही. ते मी जीपवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "साहेब, पठाराच्या निम्म्या वाटेवर एक वाडी हाय. तितं एक काकी घरात उतरवून घेती. सकाळची न्याहारी देती. लय ब्येस बाई हाय, पर जरा..." आणि त्याने गिअर टाकला.

वाडीचं नाव मी लिहीत नाही. दहा-अकरा घरं, मागे उभा डोंगर, पुढे ओढा, ओढ्यापलीकडच्या टेकाडावर शाळा. काकीचं घर सगळ्यात मागे, डोंगराला लागून. घराच्या एका अंगाला दोन खोल्या काढलेल्या. रस्त्याला पाटी होती, "राहण्याची व न्याहारीची घरगुती सोय". ती पाटी तिच्या पुतण्याने, विलासने, रंगवली होती.

विलास चार वर्षांचा असताना त्याचे आईबाप गेले, तेव्हापासून काकीने त्याला वाढवला. तिला स्वतःची एक मुलगी, ती सांगलीत दिलेली. आणि घरात तिचे मालक, आबा. आबा फौजेतून सुभेदार होऊन आलेले. तोफखान्यात होते, त्यामुळे उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. ते नेहमी काकीच्या उजव्या हाताला बसत, म्हणजे त्यांचा डावा कान तिच्याकडे यायचा. सगळ्या जगाशी ते मोठ्याने बोलत, पण तिचं हळू बोललेलंही त्यांना ऐकू येई.

काकी अंगाने किरकोळ, रंगाने काळीसावळी, चालायला भरभर. पाहुण्यांना ती त्यांच्या गावावरून हाक मारी. मी जतकर. कधी दोन पुणेकर असले, तर एक मोठं पुणेकर आणि एक धाकटं पुणेकर. न्याहारीला नाचणीची भाकरी, उडदाचं घुटं, नाहीतर तांदळाची घावनं. वाढताना बसायची नाही, आणि ताटात काय उरलं त्यावरून माणसाची तब्येत सांगायची. तिसऱ्या मुक्कामाला ती मला म्हणाली, "जतकर, तुमचं काहीतरी बिनसलंय घरी. दोन दिस झालं भाकरीचा काठ टाकताय." बिनसलं होतंच. मी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त भाकरी लहान केली.

पण तिच्या घराचे नियम होते आणि ते सगळ्यांना पाळावे लागत. पावसाळ्यात चपला-बूट बाहेर ठेवायचे नाहीत, खाटेशेजारी ठेवायचे. बॅटरी उशापाशी खिळ्याला. बॅगेची चेन लावून ठेवायची. खोलीची कडी लावायची नाही, दार नुसतं लोटायचं. मुंबईची एक बाई यावर बरीच रागावली होती. काकी तिला म्हणाली, "बाई, मी हितं पडवीत आडवी पडती. माझ्या अंगावर पाय दिल्याबिगर कोण आत येत न्हाई. पर कडी तेवडी लावू नगा." बाईंनी कडी लावली. सकाळी त्या न्याहारीला आल्या तेव्हा दाराची कडी खिळ्यांसकट काढलेली होती. काकीने आबांकडून पक्कड घेऊन, त्या अंघोळीला गेल्या तेवढ्यात, ती काढून टाकली होती. तोंडाने एक शब्द बोलली नाही. गरम घावन वाढलं.

रोज सकाळी चहाच्या आधी ती घरामागे जाई. तिथे डोंगरातून एक झरा येतो. वर्षभर वाहणारा, बोटभर धारेचा, पावसाळ्यात मनगटाएवढा. त्या धारेखाली ती काचेचा पेला धरी, उजेडाकडे करून बघे. मग घरातली सगळी दारं एकदा उघडून एकदा लावून बघे. मागच्या भिंतीवर तळहात ठेवून उभी राही. मी आधी समजलो की हे काही देवाचं असावं. आमच्या जतकडे टँकरचं पाणी आलं की बायका त्याला हात जोडतात, तसं काहीतरी.

एकदा मी आबांना विचारलं. ते म्हणाले, "तिची ड्युटी हाय ती." आणि हसले. मग हसू थांबवून डोंगराकडे बघत राहिले.

खरं काय ते तिनेच मला सांगितलं, पण दुसऱ्या वर्षी. पावसाने जीप वर जात नव्हती आणि मी दिवसभर घरात अडकलो होतो. काकी सुपात घेवड्याच्या शेंगा घेऊन पडवीत बसली होती. मी समोर बसून शेंगा सोलू लागलो. तिने मला नको म्हटलं नाही. सुपातून डोळे न काढता ती बोलू लागली.

तिचं माहेर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला होतं. पाच घरांची वस्ती. धाकटी बहीण शकू तिथेच दिलेली, मामाच्या घरात. एका पावसाळ्यात शकूचा संध्याकाळी फोन आला. म्हणाली, आक्का, झऱ्याचं पाणी लाल येतंय आणि मागचं दार लागत न्हाई. चौकट दाबल्यागत झालीया. आमी शाळंत जाऊ का झोपायला?

"मी काय म्हणलं ठावं हाय?" काकी म्हणाली. "म्हणलं, पावसाचं पाणी लालच यायचं. लाकूड फुगलं आसंल. पोरांना घिऊन कुटं भिजत जातीस? झोप निवांत."

तिने शेंगेचे दोन भाग केले. दाणे सुपात टाकले, फोलपट बाजूला टाकलं.

"पाच घरं व्हती. सकाळी एकबी न्हवतं. मी बोलले म्हणून झोपली ती. तिचा माझ्यावर लय इस्वास."

  शेंगा संपल्यावर तिने सूप उचललं आणि म्हणाली, "घरात माणूस उतरवून घेतला म्हंजे त्याचं उठणं-बसणं माझ्याकडं आलं. म्हणून इचारती झोप कशी हाय."

त्यानंतर मला तिच्या नियमांचं हसू आलं नाही.

विलास तोवर मोठा झाला होता. पुण्याला काही वर्षं हॉटेलांत काम करून परत आला, लग्न केलं, वाडीतच वेगळं बिऱ्हाड मांडलं, आणि वाडीच्या वर, घाटाच्या वळणावर त्याने स्वतःचं हॉटेल काढलं. दोन मजली, पुढे काचा, मागे खोल्या. पठारावर फुलं बघायला, धुकं बघायला येणारी माणसं वाढली होती. गाड्या लावायला जागा हवी म्हणून त्याने हॉटेलच्या मागचा डोंगर यंत्राने कापून घेतला. तीन दिवस यंत्र चाललं. चौथ्या दिवशी काकी वर गेली. मी तेव्हा तिथेच होतो, पठारावरून येताना चहाला थांबलो होतो.

डोंगराला दोन पुरुष उंचीचा उभा काप पडला होता. ताजी लाल माती, तिच्यातून झाडांची मुळं लोंबत होती. काकी कापाखाली जाऊन उभी राहिली. वर बघितलं. मग विलासला म्हणाली, "डोंगराचा पाय कापलास की रं."

"काकी, इंजिनिअरनं बघितलंय. भिंत बांधणार हाय मी, दगडाची."

"कवा?"

"ह्या वर्षी न्हाई जमायचं. पुढल्या."

"आनि तवर डोंगर कशावर उभा ऱ्हाईल?"

विलासने माझ्याकडे बघितलं, जसं काही मी शिकलेला माणूस म्हणून त्याची बाजू घेईन. मी चहा पीत राहिलो. काकी खाली आली. घरी येऊन तिने आबांना सांगितलं. आबांनी विलासला बोलावून घेतलं, दोघांचं बोलणं झालं. आबांचं मोठ्याने बोलणं सगळ्या वाडीने ऐकलं. त्यानंतर सहा महिने विलास खालच्या घरी जेवायला आला नाही. काकी मात्र दर बाजाराच्या दिवशी त्याच्या बायकोकडे भाजी पाठवत राहिली.

हॉटेल चांगलं चाललं, मागची भिंत मात्र राहिली ती राहिलीच. काकीच्या दोन खोल्याही चालत होत्या, कारण काही लोकांना घरच हवं असायचं. मग एका ऑगस्टमध्ये, पहाटे फटफटल्यावर, तिने पेल्यात पाणी धरलं आणि ते लाल आलं. तिने घरात उतरलेल्या चौघांना उठवलं, सगळ्या वाडीला उठवलं आणि पावसातून ओढ्यापलीकडे शाळेत नेऊन बसवलं. म्हाताऱ्या, लहान मुलं, म्हशीसुद्धा. संध्याकाळपर्यंत सगळे तिथे होते. काही झालं नाही. पाणी पुन्हा पांढरं झालं. माणसं ओल्या अंगाने घरी परतली. त्या चौघांतल्या एका जोडप्याने घरी जाऊन इंटरनेटवर लिहिलं, की घर स्वच्छ आहे, जेवण उत्तम, पण मालकीणबाईंचं डोकं ठिकाणावर नाही, लहान मुलं असतील तर जाऊ नका.

त्यानंतर पाहुणे कमी झाले. वाडीतली माणसं तिला बघून "काय काकी, पाणी कुठल्या रंगाचं हाय आज?" असं विचारायची. ती खरंच उत्तर द्यायची. "पांढरं हाय."

आता मला माझं सांगायला हवं. पुढच्या पावसाळ्यात मी काकीकडे उतरलो नाही. विलासच्या हॉटेलात उतरलो. कंपनीने सांगितलं होतं की शक्यतो हॉटेलात राहा, ही एक गोष्ट. तिथे गरम पाणी होतं, फोनला रेंज होती. पण खरं कारण ते नव्हतं. तिच्या घरात मला झोप लागेनाशी झाली होती. पडल्या पडल्या मी डोंगराचा कानोसा घ्यायचो. ज्या माणसाने मला जपलं, त्याच्याच भीतीचा मला कंटाळा आला होता. हॉटेलात कोणी काही विचारत नव्हतं आणि मला तेच बरं वाटू लागलं होतं.

जाताना तिच्या दारावरून जीप गेली. ती अंगणात होती. मी जीप थांबवून खाली उतरलो आणि म्हटलं, "काकी, ह्या खेपेला वर हाय मुक्काम. कंपनीचं तसं हाय."

ती रागावली नाही. म्हणाली, "कुटली खोली दिलीया?"

"मागची. शांत हाय म्हणून."

"फुडची घे." आत्तापर्यंत ती मला अहोजाहो करायची. त्या दिवशी पहिल्यांदा अरेतुरे केलं. "इलासला सांग, काकीनं सांगितलंय म्हणून. फुडची घे, जतकर."

मी हो म्हटलं. आणि खोली बदलली नाही. पुढच्या खोल्यांना रस्त्याचा आवाज होता.

पाऊस लागला तो थांबेना. चौथ्या दिवशी सकाळी मी न्याहारीच्या खोलीत बसलो होतो. साडेसात झाले असतील. पठारावर जाणं शक्यच नव्हतं. कोल्हापूरचं एक कुटुंब होतं, त्यांच्याबरोबर शाळेत जाणारी एक मुलगी. दोन जोडपी होती, दोन फोटो काढणारे होते. विलास स्वतः चहा वाढत होता. काचेबाहेर धुक्यात काही दिसत नव्हतं. तेवढ्यात दार उघडून काकी आली. डोक्यावर पोत्याची खोळ, पायांत चिखल, छाती वरखाली होत होती. पायवाटेने उभा चढ चढून आली होती.

विलासने किटली टेबलावर ठेवली. "काकी, परत?"

"समद्यांना खाली घे. शाळंत."

"पाणी लाल आलं व्हय?"

"न्हाई. पाणी बंद झालंय."

विलासला ते समजलं नाही, असं मला वाटतं. पण मला समजलं. मी जतचा आहे. झरे आटलेले मी पुष्कळ बघितले, पण ते उन्हाळ्यात. चार दिवस आभाळ फाटल्यासारखं कोसळतंय आणि बारमाही झरा बंद होतो, याचा अर्थ ते सगळं पाणी डोंगराच्या आत कुठेतरी साठतंय. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

विलास म्हणाला, "गेल्या वर्षी माझी किती शोभा झाली ठावं हाय तुला? ही माणसं पाहुणी हायेत माझी."

"म्हणून तर आली मी. वाडी समदी पलीकडं गेली. तुझी बायकूबी गेली. तूच ऱ्हायलास."

"मी न्हाई उठवणार कुणाला."

काकीने वाद घातला नाही. ती टेबलांमधून चालत माझ्यापाशी आली. सगळे आमच्याकडे बघत होते. ती म्हणाली, "जतकर, तू ऊठ."

मी चटकन उठलो, असं मला लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. त्या सगळ्या अनोळखी माणसांपुढे मला लाज वाटली. मी विलासकडे बघितलं, कोल्हापूरच्या गृहस्थांकडे बघितलं. ती उभीच होती. तिच्या खोळीतून पाणी गळून माझ्या ताटाशेजारी साचत होतं. मग मी उठलो. अंगात कंपनीचं जॅकेट होतं, छातीवर कंपनीचं नाव. मी म्हटलं, "मी इंजिनिअर आहे. बाई म्हणतायत ते बरोबर आहे. सामान राहू द्या, चला." मी डोंगरांचा इंजिनिअर नाही, हे कोणी विचारलं नाही.

ती शाळकरी मुलगी पहिली उठली, मग तिचे आईबाप. जोडप्यांतलं एक जण खोलीत सामान आणायला निघालं, तर काकी जिन्यात आडवी उभी राहिली. या सगळ्यात अर्धा-पाऊण तास गेला. शेवटी स्वयंपाकाची दोन माणसं आली, आणि त्यांच्यामागून विलास.  तो दाराला कुलूप लावत होता, तर काकी म्हणाली, "ऱ्हाऊ दे ते."

पायवाट निसरडी झाली होती, मुलगी बरोबर होती, म्हणून आम्ही डांबरी रस्त्याने वळसा घेऊन उतरलो. तो रस्ता काकीच्या घरावरून जात नाही. ओढ्यावरचा पूल ओलांडून आम्ही शाळेच्या चढाला लागलो आणि मागून आवाज आला. मेघ गडगडल्यासारखा नाही. खोल, जमिनीतून पायांत चढणारा. धुकं थोडं हललं होतं. मी वळून बघितलं तर वरची झाडं चालत होती. पडत नव्हती, उभीच्या उभी खाली चालत येत होती. हॉटेलच्या मागच्या खोल्या त्यांच्या पुढे सरकल्या आणि दिसेनाशा झाल्या. मग ते सगळं खाली वाडीवर आलं. काकीचं घर पहिलं होतं. मग शेजारची दोन.

 कोल्हापूरच्या बाईंनी मुलीचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं होतं. विलास रस्त्यात खाली बसला.

काकी चढाकडे वळली आणि भरभर शाळेकडे निघाली. पडवीत सगळी वाडी उभी होती. तिने एक नजर फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली. मग म्हणाली, "आबा कुटं हायेत?"

शेजारचे तुकाराम भाऊ पुढे आले. म्हणाले, "काकी, तुमी येईना म्हणून ते बघाय गेले. आमी म्हणलं, थांबा. त्यांना वाटलं, तुमी घरीच थांबलाय. म्हसरासाठी."

आबा दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले.

त्या दोन दिवसांत ती रडली नाही. शाळेच्या पडवीत भिंतीला टेकून बसून राहिली. मी जवळ जाऊन बसलो. तिच्या डाव्या हाताला बसलो होतो. तिने मला उठवून दुसऱ्या बाजूला बसवलं नाही, पण उजवीकडची जागा तिने दोन्ही दिवस रिकामी ठेवली. तिथे कोणी बसायला लागलं की ती हात ठेवायची.

मी विचारू नये ते विचारलं. म्हटलं, "काकी, मी तुमच्याच घरी उतरलो असतो तर?"

तिने रिकाम्या जागेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "तुझ्यासाठी न्हवते गेले मी. इलाससाठी गेले. तू व्हतास म्हणून एवडी तरी माणसं उठली." आणि थोड्या वेळाने, "आबांना मी सांगितलंच न्हाई वर जातीया म्हणून. सांगितलं असतं तर त्यांनी मला जाऊ दिलं नसतं."

उरलेल्या घरांना ओढ्यापलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये जागा मिळाली. मुलीने सांगलीला नेण्याचा खूप प्रयत्न केला. काकी पंधरा दिवस गेली आणि परत आली. शेडमध्ये ती आणि विलास राहू लागले. विलासची बायको माहेरी गेली होती, ती आली नाही. विलास दाढी वाढवून दिवसभर बसून असायचा. काकी स्वयंपाक करायची, त्याच्यापुढे ताट ठेवायची. त्या दोघांत या विषयावर कधी बोलणं झालं की नाही, मला माहीत नाही. वाडीतली माणसं तिच्यासमोर विलासला काही बोलत नसत. तिच्यामागे बोलत.

उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा ती म्हणाली, "जतकर, उद्या मला पाटणला सोडशील का जीपनं? कचेरीत बोलावलंय. जबाब घेणार हायेत."

आधी झालेल्या पंचनाम्यात फक्त पावसाचं कारण लिहिलेलं होतं. कुणीतरी अर्ज केला म्हणून पुन्हा विचारपूस चालू होती. वाडीतल्या बाकीच्यांनी आपापल्या जबाबात पाऊसच सांगितला होता. काकीला वाईट वाटू नये म्हणून सांगितला होता, हे मला तुकाराम भाऊ म्हणाले.

कचेरीत एक तरुण अधिकारी होता. बोलायला मऊ होता. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं विचारून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे आजी, अतिवृष्टीमुळे डोंगर खचला, असं लिहू ना?"

"पाऊस पडला, ते लिवा," काकी म्हणाली. "आनि डोंगराचा पाय कापला व्हता, ते बी लिवा."

"कुणी कापला?"

मी दाराशी उभा होतो. बाहेर कुठेतरी जीपचा हॉर्न वाजत होता. काकीने पदर नीट केला.

"माझ्या पुतण्यानं. इलासनं. मी उभी राहून बगितलंय."

अधिकाऱ्याने पेन थांबवलं. म्हणाला, "आजी, तो तुमच्या घरातलाच आहे. तुम्हाला दुसरं कोण आहे? पुन्हा एकदा विचार करून सांगा."

"घरातलाच हाय," ती म्हणाली. "लिवा."

त्याने लिहिलं आणि वाचून दाखवलं. तिने एका ठिकाणी त्याला थांबवलं आणि "उंची दीड पुरुष न्हाई, दोन पुरुष," असं दुरुस्त केलं. मग सही केली. सावकाश, पूर्ण नाव, आबांच्या नावासकट.

 येताना, घाट चढताना, तिने एकदा माझ्याकडून पाण्याची बाटली मागून घेतली आणि पिऊन परत दिली. दुपार कलली होती. शेडच्या खाली, रस्त्याला, विलास उभा होता. कधीपासून उभा होता कोण जाणे. ती कुठे गेली होती हे तो जाणून होता. जीप थांबल्यावर त्याने पुढे होऊन दार उघडलं आणि तिला हात दिला. ती उतरली. पिशवी तिच्याच हातात होती.

"सांगून आले," ती म्हणाली. "तुझं नाव सांगितलं."

विलास म्हणाला, "हं."

तो खाली बघत होता. वारा पडला होता. शेडच्या पाठीमागे दुसरा डोंगर होता, तोही उभाच, आणि त्याच्या माथ्यावर वळवाचं आभाळ काळं धरून आलं होतं.

"जेवलास का?" काकीने विचारलं.

"न्हाई."

"चल."

त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. चढ सुरू झाला तशी ती थांबली, माझ्याकडे न बघता हात वर करून मला जा म्हणून सांगितलं, आणि ती दोघं एकामागे एक वर निघाली.